कॉम्प्युटर की कोअर ब्रँच? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

पनवेलमधल्या बारावीच्या मुलांनो, सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "कॉम्प्युटरच घे."

घ्या, पण आधी फरक समजून घ्या.

🔹 कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: चार वर्षं. पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, वर्कशॉपही असतं. कोडिंगची गोडी असली तरी हातात कानस धरून लोखंड घासावं लागतं!

🔹 बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी: तीन वर्षांत पदवी, पहिल्या दिवसापासून प्रोग्रामिंग. पुढे दोन वर्षांचं एमसीए करता येतं.

🔹 कोअर ब्रँच, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल: यांना काम देणाऱ्या तळोजा आणि पाताळगंगा एमआयडीसी आपल्या दाराशीच आहेत.

कुठल्या ब्रँचला काय काम असतं, याचं पनवेलचंच उदाहरण बघा. 2020 मध्ये इथे योट्टा कंपनीचं भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. अशा ठिकाणी सर्व्हर सांभाळायला कॉम्प्युटरवाले लागतात, अखंड विजेसाठी इलेक्ट्रिकलवाले आणि सर्व्हर थंड ठेवायला मेकॅनिकलवाले.

⚠️ इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते. म्हणून पहिला पर्याय मनापासून हवा तोच टाका.

महिनाभर रोज तासभर कोडिंग करून बघा. कंटाळा येतो की भूक विसरायला होतं? उत्तर तिथेच मिळेल.