नख का सुटते?

‘डॉक्टर, नख सुटत चाललंय, कॅल्शियमची गोळी द्या,’ असे सांगणारे रुग्ण नेहमी येतात. वास्तविक नख कॅल्शियमचे नसते. केसांप्रमाणे तेही केराटिन या प्रथिनाचे बनते. म्हणून गोळीआधी कारण शोधावे लागते.

नख टोकाकडून सुटून खाली पांढरी पोकळी दिसत असेल, तर सततचे पाणी, साबण-सोडा, ठेच, घट्ट बूट किंवा बुरशी ही नेहमीची कारणे. सोरायसिस व थायरॉईडच्या विकारातही असेच होते. डॉक्सिसायक्लीन घेऊन उन्हात काम करणाऱ्यांचीही नखे सुटू शकतात.

मुळाकडून सुटले, तर नखाची वाढ मध्यंतरी थांबली होती असे समजावे. लहान मुलांना हात, पाय व तोंडात फोड येणारा विषाणूचा ताप येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी नखे गळतात. आया घाबरतात; पण नवे नख आपोआप येते.

एकाच गावात अनेकांची नखे गळू लागली, तर मात्र अन्न-पाणी तपासावे. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत २०२४ च्या अखेरीस केसगळती सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये नखेही गळू लागली. शरीरात सेलेनियम जास्त गेल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला.

धुणीभांडी करणाऱ्या एक बाई दोन वर्षे बुरशीचे मलम लावत होत्या. नख तपासले, तर बुरशी नव्हतीच! पाण्यात हात घालताना आत सुती व वर रबरी मोजे वापरल्यावर सहा महिन्यांत नखे चिकटून आली. म्हणूनच बुरशीच्या गोळ्याही तपासणीशिवाय घेऊ नयेत. त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो.

सुटलेला भाग कापावा, ओढू नये. खालचा मळ पिनेने कोरू नये. बोटे कोरडी ठेवावीत. आणि धीर धरावा. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पूर्ण यायला सहा महिने, तर पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष लागते.

दोन बाबतीत मात्र थांबू नका. ठेच न लागता नखावर काळा पट्टा उमटून रुंदावत असेल, तर तो क्वचित कर्करोगही असतो. आणि मधुमेह्यांनी पायाच्या नखाची जखम घरी कधीच कापू-कोरू नये. पाय बधिर असल्याने दुखत नाही, आणि नखापासून सुरू झालेले दुखणे बोट कापण्यापर्यंत जाते. रोज रात्री पाय उजेडात पाहण्याची सवय ठेवा.