फेरार-गट : चार हस्तलिखिते आणि एक लुप्त मूळप्रत

नव्या कराराच्या ग्रीक संहितेची पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य मध्ययुगीन आहेत. हाताने उतरलेल्या या प्रतींत पाठभेद शिरणे अपरिहार्यच होते. तेव्हा जो पाठ अधिक प्रतींत आढळतो तोच ग्राह्य मानावा काय, हा पाठचिकित्सेतील मूलभूत प्रश्न होय. डब्लिन येथील लॅटिनचे प्राध्यापक विल्यम ह्यू फेरार यांच्या संशोधनाने त्यावर मोलाचा प्रकाश टाकला.

पॅरिस, लेस्टर, व्हिएन्ना व मिलान येथील चार शुभवर्तमान-प्रती परस्परांशी विलक्षण जुळतात, हे त्यांनी १८६८ मध्ये ओळखले. या प्रती अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यानच्या आहेत. व्यभिचारिणी स्त्रीचे आख्यान सामान्यतः योहानाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी सुरू होते. या गटात ते लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या अखेरीस येते. तसेच येशूच्या रक्तासारख्या घामाचे वर्णन लूकमधून मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात गेले आहे. बायझंटाईन चर्चमध्ये पवित्र गुरुवारी ही वचने मत्तयाच्या वाचनात जोडून म्हटली जात. उपासनेतील तो क्रमच संहितेत उतरला.

अशी स्थानांतरे चार लेखनिकांना स्वतंत्रपणे सुचणे संभवनीय नाही. उलटपक्षी, प्रत्येक प्रतीत तिची स्वतःची स्खलनेही आहेत. म्हणून एकीवरून दुसरी उतरली असेही म्हणता येत नाही. सर्वांच्या मागे एकच लुप्त मूळप्रत होती, हाच निष्कर्ष उरतो. १८७१ मध्ये फेरार निवर्तले. त्यांचे कार्य टी. के. ॲबट यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. आज या कुलात दहाहून अधिक प्रती गणल्या जातात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, या प्रतींचे समान पाठ म्हणजे अनेक साक्षी नव्हेत, एकच साक्ष होय. दुसरी, प्रत उत्तरकालीन असली तरी तिचा पाठ तितकाच उत्तरकालीन असतो असे नाही. पंधराव्या शतकातील लेस्टरची प्रतही आपल्याहून कितीतरी जुन्या ग्रंथाची साक्ष देते. उपरोक्त आख्यान चौथ्या शतकातील व्हॅटिकन व सिनाई संहितांत मुळीच नाही. त्याचे हे अस्थिर स्थान त्या अभावाशी जुळते, आणि ते योहानाच्या मूळ ग्रंथात नसावे या बहुतेक संपादकांच्या मताला त्यामुळे बळकटी येते. हस्तलिखिते मोजावयाची नसतात, त्यांची कुळे शोधून ती तोलावयाची असतात.