गाणे मध्येच का थांबते? : मोबाईलचे अपडेट आणि संगीताची अ‍ॅप्स



‘अपडेट केले आणि फोन बिघडला’ ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. त्यातही आजी-आजोबांची तक्रार बहुधा गाण्याची असते. विलंबित ख्याल नुकता रंगात आलेला असतो आणि गाणे अडखळते, नाहीतर पडदा काळा झाला की आवाजच बंद होतो. कुमार गंधर्वांचे देवास इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे तर हे इंदूरच गाव. अशा ठिकाणी राहणाऱ्या श्रोत्याला मध्येच तुटलेले गाणे सोसवत नाही, यात नवल काय? मग कोणीतरी सुचवते, ‘अपडेट बंदच करून टाका.’ हा सल्ला सोपा आहे, पण धोक्याचा आहे. का, ते या लेखात पाहू. त्यासाठी आधी गाणे फोनपर्यंत येते कसे आणि अपडेट म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे लागेल.

गाणे फोनपर्यंत कसे येते?

कॅसेट किंवा सीडी घरात असे, म्हणजे अख्खे गाणे आपल्याजवळ असे. स्ट्रीमिंगमध्ये तसे नसते. गाणे कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते. तिथून त्याचे लहान लहान तुकडे इंटरनेटवरून आपल्या फोनवर येतात. फोन पुढचे काही तुकडे आधीच मागवून साठवतो आणि मागून एकेक वाजवतो. या साठ्याला ‘बफर’ म्हणतात. नळाचे पाणी दिवसातून थोडाच वेळ येते, म्हणून आपण घराच्या छतावर टाकी ठेवतो; तसाच हा प्रकार. टाकीत पाणी आहे तोवर नळ बंद झाल्याचे कळत नाही. टाकी रिकामी झाली की गाणे थांबते आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते.

आता थोडे गणित करू. स्पॉटिफायमध्ये ‘हाय’ या दर्जाचे गाणे सेकंदाला १६० किलोबिट माहिती वापरते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १६० भागिले ८ म्हणजे सेकंदाला २० किलोबाइट. मिनिटाला १२०० किलोबाइट, म्हणजे सुमारे १.२ एमबी. अर्ध्या तासाचा ख्याल ३६ एमबी आणि तासाभराची मैफल ७२ एमबी. ‘व्हेरी हाय’ हा दर्जा निवडला तर ३२० किलोबिट, म्हणजे बरोबर दुप्पट. ‘नॉर्मल’ला ९६ किलोबिट पुरतात. तुलनेसाठी सीडीचा आकडा घ्या. तिथे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन आवाज. गुणाकार येतो १४,११,२००. म्हणजे १६० किलोबिटांच्या जवळजवळ नऊपट!

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. नेटवर्क कमजोर असेल त्या ठिकाणी दर्जा एक पायरी खाली आणला तर गाणे अडखळणे पुष्कळदा तिथेच थांबते.

अपडेट एक नव्हे, दोन

फोनवर दोन प्रकारचे अपडेट येतात. पहिले संपूर्ण फोनच्या कार्यप्रणालीचे, म्हणजे अँड्रॉइडचे किंवा आयफोनच्या आयओएसचे. दुसरे एकेका अ‍ॅपचे. कार्यप्रणाली म्हणजे शाळेची इमारत आणि तिचे नियम. अ‍ॅप्स म्हणजे त्यात भरणारे वर्ग, असे समजा. नियम बदलले की वर्गांना आपले वेळापत्रक त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. एखाद्या अ‍ॅपने जुळवून घ्यायला उशीर केला की ते रेंगाळते किंवा अचानक बंद पडते.

एकच अपडेट सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. अ‍ॅपलच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत अ‍ॅपची नवी आवृत्ती आपोआप अपडेट होणाऱ्या फोनांपैकी पहिल्या दिवशी १ टक्का फोनांना, मग २, ५, १०, २० आणि ५० टक्क्यांना जाते आणि सातव्या दिवशी सर्वांना पोचते. गूगलच्या प्ले स्टोअरवरही अशी सोय आहे. चूक निघालीच तर थोड्यांपुरती राहावी, हा हेतू. म्हणून ‘शेजारच्यांचा फोन ठीक चालतो, माझाच का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी एवढेच असते की दोघांच्या फोनवर आवृत्त्या वेगळ्या आहेत.

पहिले दोन दिवस

कार्यप्रणालीचे मोठे अपडेट झाल्यावर फोन मंद आणि गरम वाटतो, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. याचे कारण आहे. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपचा मजकूर त्या फोनच्या प्रोसेसरला झटपट वाचता येईल अशा रूपात आधी तयार करून ठेवते. कार्यप्रणाली बदलली की हे काम बरेचसे पुन्हा करावे लागते. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून हे काम मुख्यतः फोन चार्जिंगला लावलेला आणि रिकामा असताना होते. आयफोनही अपडेटनंतर फोटो आणि इतर मजकुराची सूची नव्याने तयार करतो. या काळात संगीताचे अ‍ॅप जड वाटले तर तो बिघाड मानू नये. फोन रात्री चार्जिंगला लावून ठेवावा आणि एक-दोन दिवस वाट पाहावी.

पडदा बंद, गाणे बंद

सर्वांत जास्त गोंधळ करणारी तक्रार हीच. फोन हातात असतो तोवर गाणे नीट चालते. खिशात ठेवला की पाच-दहा मिनिटांत थांबते. नेटवर्कला दोष दिला जातो, पण खरे कारण बहुधा बॅटरीची बचत हे असते.

२०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ नावाची सोय आली. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन हलत नसेल, तर अ‍ॅप्सची मागची कामे रोखून धरायची, म्हणजे बॅटरी वाचते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये पडद्यामागे चालणाऱ्या अ‍ॅप्सवर आणखी मर्यादा आल्या. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोन आपल्या सवयी पाहून ठरवतो की कोणते अ‍ॅप रोजचे आणि कोणते क्वचितचे. क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅपची मागची कामे, उदाहरणार्थ याद्या ताज्या करणे, लांबणीवर टाकली जातात.

वाजत असलेल्या गाण्याला मात्र गूगलने वाट ठेवली आहे. ‘मी सध्या काम करतो आहे’ अशी सूचना अ‍ॅपने वरच्या पट्टीत दाखवत ठेवली की त्याला चालू राहता येते. गाणे चालू असताना दिसणारी ती पट्टी म्हणजे अ‍ॅपचा परवानाच म्हणायचा. पण अनेक फोन-कंपन्या अँड्रॉइडवर बचतीचे आपले वेगळे नियम चढवतात. हे नियम कडक असले तर वाजणारे अ‍ॅपही बंद केले जाते. शिवाय अपडेटनंतर काही वेळा आपण दिलेली सूट पुसली जाते. काल चालणारे गाणे आज का थांबते, याचे उत्तर इथे सापडते.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावावर जाऊन ‘बॅटरी’ उघडावे आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडावा. ‘बॅटरी सेव्हर’ आणि ‘डेटा सेव्हर’ सुरू राहिलेले नाहीत ना, हेही पाहावे. ही सूट एका संगीताच्या अ‍ॅपला द्यावी. सर्वांना दिली तर बॅटरी दुपारीच संपेल.

बॅटरी म्हातारी होते तेव्हा

अपडेटनंतर फोन मंद होतो तो कंपनीने मुद्दाम केलेला असतो, असे काही जण म्हणतात. या समजामागे एक खरी हकीकत आहे. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १०.२.१ हे अपडेट दिले. जुन्या बॅटऱ्या ऐन वेळी पुरेशी वीज देऊ शकत नसत आणि फोन अचानक बंद पडत. ते टाळण्यासाठी अशा फोनांचा वेग कमी करण्याची व्यवस्था करण्यात आली; पण लोकांना ते स्पष्टपणे सांगितले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे मान्य केले, क्षमा मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्समध्ये २०२० साली या प्रकरणी अडीच कोटी युरोंचा दंड झाला.

या हकीकतीतून दोन बोध घ्यावेत. एक, ग्राहकाने प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुसरा, मंद झालेला फोन टाकून देण्यापूर्वी बॅटरी तपासावी. त्या आयफोनांत नवी बॅटरी घातली की वेग परत येत असे. आयफोनमध्ये २०१८ पासून बॅटरीची प्रकृती सेटिंगमध्येच पाहता येते.

मग अपडेट बंद करावे का?

नाही. त्याचे कारण गाण्याशीच जोडलेले आहे. २०१५ च्या जुलैमध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात गंभीर दोष उघड झाले. हा भाग चित्रफिती आणि ध्वनिफिती वाचण्याचे काम करतो. केवळ एक खास तयार केलेला मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येईल, असे ते दोष होते. ऑक्टोबरमध्ये त्याच प्रकारचे आणखी दोष सापडले. त्यांत साधी दिसणारी एमपी-३ फाइलही घातक ठरू शकत होती. म्हणजे गाणेच चोरवाट! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने आपल्या फोनांना दरमहा सुरक्षा-अपडेट देण्याचे जाहीर केले. दर महिन्याला येणारी ती सूचना, जी आपण ‘नंतर’ म्हणून बाजूला सारतो, तिचा जन्म असा झाला.

ज्या फोनवर आजोबा नाट्यगीत ऐकतात, त्याच फोनवर त्यांचे पेन्शनचे बँक खाते आणि यूपीआयही असते. गाणे अडखळते म्हणून सुरक्षा बंद करणे म्हणजे दार करकरते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे.

अ‍ॅपच्या अपडेटचेही तेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये संगणकावरील स्पॉटिफाय डिस्कवर विनाकारण प्रचंड माहिती लिहीत असल्याचे उघड झाले. अशाने डिस्कचे आयुष्य घटते. कंपनीने १.०.४२ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त केली. ज्यांनी अपडेट घेतले नाही त्यांच्याकडे चूक तशीच राहिली.

दोष कुठे आहे, कसे ओळखावे?

मुलांनी घरी ही परीक्षा करून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाच्या तासाचा नियम इथेही लागू.

१. गाणे अ‍ॅपमध्ये उतरवून घ्या, फोन विमान-मोडवर टाका आणि वाजवा. नीट वाजले तर दोष नेटवर्कचा. उतरवण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच असेल, तर तेच गाणे घरच्या वाय-फायवर आणि मोबाईल डेटावर ऐकून तुलना करा.

२. पडदा चालू ठेवून दहा मिनिटे ऐका, मग पडदा बंद करून दहा मिनिटे. फक्त दुसऱ्या वेळी थांबले तर बॅटरीची बचत कारण आहे.

३. पडदा चालू असतानाही अ‍ॅप अडकत असेल तर फोनमधील मोकळी जागा पाहा. निदान १ जीबी तरी मोकळी असावी. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे काढून टाकली तरी पुष्कळ जागा होते!

४. अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमधून ‘क्लिअर कॅश’ करा. फोनच्या सेटिंगमधील ‘क्लिअर डेटा’ दाबू नका. उतरवलेली गाणी जातात. अ‍ॅप काढून पुन्हा घातले तरी ती जातात, म्हणून तो उपाय शेवटी.

५. ब्लूटूथच्या स्पीकरवरच गाणे तुटत असेल तर जुनी जोडणी ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा.

६. अपडेट नेहमी फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्या. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कधीही नाही, तो संदेश ओळखीच्या माणसाकडून आला असला तरी.

शेवटी एक सूचना. अ‍ॅपमध्ये उतरवलेली गाणी आपली नसतात, उसनी असतात. स्पॉटिफायवर ती टिकवण्यासाठी ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट जोडावे लागते. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले, विंक म्युझिक २०२४ मध्ये. म्हणून घरातील जुन्या कॅसेट आणि सीडी रद्दीत देऊ नयेत. आजीच्या आवाजातील ओव्या किंवा घरच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण असेल, तर त्याची प्रत करून दोन ठिकाणी जपून ठेवावी. ते कोणत्याही अ‍ॅपवर पुन्हा मिळणार नाही.

या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका वडीलधाऱ्या माणसाचा फोन घेऊन वरची परीक्षा त्यांच्या शेजारी बसून करावी. नुसते करून देऊ नये, प्रत्येक पायरी त्यांना समजावूनही सांगावी, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही.