अर्थिंगची पिन आणि स्पीकरची घरघर

नवा ॲम्प्लिफायर घरी आणावा, त्याला स्पीकर, रेकॉर्ड-प्लेअर आणि टीव्ही जोडून मोठ्या उत्कंठेने खटका दाबावा, आणि भीमसेन जोशींच्या षड्जाआधीच स्पीकरमधून एक जाडसर, अखंड घरघर सुरू व्हावी, असा प्रसंग पुष्कळांवर गुदरतो. आणि त्यावर शेजारचे जाणकार, प्रसंगी खुद्द वायरमन, जो इलाज फर्मावतात तो ऐकून माझे कान किटले आहेत: ‘प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.’ पंचाईत ही, की या इलाजाने घरघर खरोखरच थांबते. तो निष्फळ असता तर केव्हाच विस्मृतीत गेला असता.

घरघर येते ती अशी: ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि त्याला जोडलेला संगणक दुसऱ्या खोलीतील बोर्डावर असला, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये विद्युद्दाबाचा किंचित फरक राहतो. दोघांना जोडणाऱ्या केबलचे जाळीदार कवच त्या फरकाला आयती वाट देते, आणि त्यातून वाहणारा ५० हर्ट्झचा प्रवाह संगीतात मिसळतो. पिन काढताच अर्थिंग आणि केबल यांचे हे वर्तुळ तुटते, हे कबूल. परंतु धातूची पेटी असलेले आणि तीन पिनांचा प्लग घेऊन येणारे यंत्र आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या वर्गवारीत पहिल्या वर्गात मोडते, म्हणजे आतील रोधक आवरण निकामी झाल्यास माणसाच्या रक्षणाची भिस्त त्या पिनेला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेवर असते. फेजची तार पेटीला टेकली आणि अर्थिंग शाबूत असले, तर मोठा प्रवाह जमिनीकडे धावून फ्यूज उडतो किंवा एमसीबी ट्रिप होते. अर्थिंग नसले तर वरकरणी काहीच घडत नाही, पेटी निमूटपणे २३० व्होल्टवर जाऊन बसते, आणि तोच दाब केबलच्या कवचातून रेकॉर्ड-प्लेअरच्या, आपण बोटाने उचलतो त्या, धातूच्या दांड्यापर्यंत पोहोचतो.

‘पण फ्यूज आहे ना!’ हा यावरचा ठराविक जबाब. अहो, घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ट्रिप होते, ती मनुष्यदेहाला त्याहून अधिक सोसवत नाही म्हणून. दोन अँपिअरचा फ्यूज त्याच्या साठ पटींहून अधिक प्रवाह बिनतक्रार जाऊ देतो. फ्यूज तारांना आणि यंत्राला आगीपासून राखतो, तुम्हांला नव्हे. आपल्याकडील तीन पिनांच्या प्लगात वरची पिन इतर दोहोंहून जाड आणि लांब असते; लांब अशासाठी, की प्लग घालताना अर्थिंग सर्वांआधी जुळावे आणि काढताना सर्वांनंतर सुटावे. एवढ्या विचाराने घडवलेली वस्तू पकडीने पिरगळून काढण्याचे धाडस मला तरी समजत नाही.

कित्येक जण ॲम्प्लिफायरच्या मागील ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूकडे बोट दाखवतात. तो रेकॉर्ड-प्लेअरच्या बारीक तारेसाठी आहे. ती तार जरूर जोडावी, पण तिने प्लगमधील अर्थिंगची उणीव भरून निघत नाही.

खरा इलाज म्हणजे सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेणे आणि तेवढ्याने न भागल्यास केबली एकेक करून काढत कोणती काढल्याने घरघर थांबते ते पाहणे. केबल टीव्हीची तार दोषी निघाली तर तीत, अन्यथा ध्वनीच्या केबलमध्ये, ते वर्तुळ तोडणारा आयसोलेटर बसवावा. वीजपुरवठ्याला हात लावण्याचे कारण नाही. एकात एक असे दोन चौकोन छापलेल्या यंत्राला मात्र दोन पिनांचा प्लग मुळातच पुरतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. डब्यावरचे हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’ आकडे निव्वळ जाहिरात. अशाच फुगवाफुगवीमुळे अमेरिकेच्या व्यापार आयोगाला १९७४ साली अखंड शक्ती मोजण्याचा नियम करावा लागला. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या ॲम्प्लिफायरला पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, नुसता प्लग-बदलू नव्हे. फ्यूज खटका दाबताक्षणीच उडत असेल तर जाड तार गुंडाळू नये: फ्यूजच्या टोपीवर ‘टी’ कोरले आहे का पाहावे, कारण मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर जादा प्रवाह ओढतो आणि तो सोसणाऱ्या सावकाश फ्यूजच्या जागी कोणीतरी ‘एफ’चा तडकाफडकी उडणारा बसवलेला असतो.