आगकाडी, रबरी नळी आणि सोळा ठिपके

पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी मुलांसाठी जोडणीचा खेळ घडवला.

तो घरीही जमतो. काड्यांची गुलं खरवडून टाकावीत, नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापावेत आणि दोन्ही तोंडांतून काड्या खुपसाव्यात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलंडतो. त्याला ताठ कसं करायचं, हे मुलांना सांगू नये. कर्णावर काडी टाकायचं त्यांना आपसूक सुचतं, आणि ती जरा लांब लागते हेही हात चालवतानाच कळतं. मोठ्यांनी तेवढा वेळ गप्प बसणं फार मोलाचं.

रांगोळीचंही तसंच. चार बाय चार ठिपक्यांवर सात दिवस रोज वेगळी नक्षी काढून पाहावी. आधी आठवणीतल्या रेषा येतात, मग बोटं थबकतात. तिथे सोडू नये.

नवं सुचवणारा असाच आणखी एक खेळ आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या सर्जनशीलतेच्या चाचणीत विटेसारख्या साध्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग विचारतात. घरी झिजलेला टूथब्रश घ्यावा, दोन मिनिटं लावावीत आणि आजीलाही खेळात ओढावं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेल्या हातांना असे उपयोग भराभर सुचतात.