स्ट्रॉबेरीची रिकामी बादली

नॉर्मन थेअर छोटी बादली घेऊन स्ट्रॉबेरी वेचायला बाहेर पडतो आणि थोड्याच वेळात परत येतो. बादली रिकामीच. आधी तो वेळ मारून नेतो. मग दोघंच उरल्यावर बायकोला, एथेलला, खरं काय ते सांगतो. घराजवळची वाट संपली तिथे पुढचा जुना रस्ता कुठे आहे तेच त्याला आठवेना. रानात शिरला, तर एकही झाड ओळखीचं वाटेना. घाबरून तो तिचा चेहरा बघायला धावत घरी आला. एथेल रडत नाही, डॉक्टरचं नावही काढत नाही. जेवणं झाली की आपण दोघं त्या रस्त्यानं जाऊ, असं ती त्याला सांगते.

'ऑन गोल्डन पॉन्ड'मधला हा प्रवेश मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. बापलेकीच्या समेटाचं नाटक म्हणून ते ओळखलं जातं. माझ्या मते त्याचा पाया या रिकाम्या बादलीत आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. अर्नेस्ट थॉम्पसन यांनी हे नाटक अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिलं. 1978 मध्ये ते न्यूयॉर्कच्या हडसन गिल्ड थिएटरमध्ये आलं आणि फेब्रुवारी 1979 मध्ये ब्रॉडवेवर. 1981 च्या चित्रपटासाठी हेन्री फोंडा, कॅथरिन हेपबर्न आणि थॉम्पसन या तिघांनाही ऑस्कर मिळालं. लेकीची भूमिका फोंडांच्याच मुलीनं, जेननं केली. त्या दोघांच्या खऱ्या दुराव्याबद्दल इतकं लिहिलं गेलं की मूळ नाटक मागे पडलं.

नाटक एका दिवाणखान्याबाहेर जातच नाही. मे ते सप्टेंबर, महिन्याला एक असे पाच प्रवेश. मेमध्ये म्हातारा-म्हातारी येऊन फर्निचरवरच्या चादरी काढतात, सप्टेंबरमध्ये सामान बांधतात. सरोवर विंगेत आहे आणि एथेल खिडकीशी उभी राहून जे बघते तेवढंच आपलं. चित्रपटात सरोवरावरचं ऊन फार सुंदर टिपलंय. पण नॉर्मन हरवतो ते रान पडद्यावर प्रत्यक्ष दिसतं आणि माझ्यापुरती त्यातली धास्ती कमी होते. रंगमंचावर तो नुसता बोलतो, तेव्हा रान आपल्याला आपल्याच मनात उभं करावं लागतं.

मुलाकडे बॉस्टनला असताना हट्टानं न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वाम सरोवरावर गेले. चित्रीकरण तिथे झालं. थॉम्पसन यांच्या मनातलं मूळ सरोवर मात्र मेन राज्यातलं, त्यांच्या लहानपणच्या उन्हाळ्यांचं. बोटीतून लून पक्ष्यांची जोडी दिसली. अंगावर काळीपांढरी नक्षी, डोळे लालभडक. या पक्ष्याचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. उडायचं तर पाण्यावर लांबवर धावावं लागतं. हिवाळ्यात तो समुद्राकडे जातो. पिल्लं लहान असताना आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. त्याची लांबलचक साद ऐकली आणि एथेल या पक्ष्यांशी का बोलते ते कळलं. शेवटच्या प्रवेशात लूनचीही जोडीच उरलेली असते, कारण पिल्लू मोठं होऊन गेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ब्रॉडवेवरचे पहिले नॉर्मन-एथेल, टॉम ऑल्ड्रेज आणि फ्रान्सेस स्टर्नहेगन, तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. पात्रं ऐंशीची आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरची. आपल्याकडे 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागू 'नटसम्राट'चे अप्पासाहेब झाले ते त्रेचाळिसाव्या वर्षी. 'संध्याछाया'तली नानी उभी करताना विजयाबाई मेहता चाळिशीच्या आतबाहेर होत्या. म्हातारपण दुरून निरखलेला नट कुठे थांबायचं ते नेमकं ठरवू शकतो, असं मला वाटतं. खरोखर थकलेल्या नटाला हे स्वातंत्र्य कमी मिळतं.

जयवंत दळवींच्या नाना-नानींची आठवण इथे टाळता येत नाही. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. वाट बघणं संपतं तेव्हा त्यांच्यापुढे काहीच उरत नाही. थॉम्पसन यांनी मात्र लेकीला, चेल्सीला, परत आणलं. बेचाळिशीची ही लेक आईला 'मम्मी' म्हणते आणि बापाला नावानं हाक मारते. तिच्या रागाला कारण आहे. तरी एथेल तिला स्पष्ट सुनावते: जुनं किती दिवस उगाळत बसणार? ऑगस्टमध्ये चेल्सी बापाशी मैत्रीची गोष्ट काढते. तो अवघडतो, पण पळत नाही. जूनमध्ये बायकोपुढे भीती कबूल केलेला माणूसच हे करू शकतो. समेटाचं अवघड काम एथेलनं दोन महिने आधीच केलेलं असतं.

मराठीत हे कुणी करायला घेतलं, तर माझी विनंती आहे की मागच्या पडद्यावर सरोवर रंगवू नका आणि घर उचलून कोकणात आणू नका. 2005 मध्ये ब्रॉडवेवर जेम्स अर्ल जोन्स आणि लेस्ली अगम्स या कृष्णवर्णीय जोडीनं या भूमिका केल्या, तेव्हाही सरोवर तिथलंच राहिलं. तालमीला सुरुवात जूनच्या प्रवेशापासून करा. एथेलसाठी नटी आधी शोधा आणि नॉर्मन तिच्या जोडीनं निवडा.