शरण आलेल्यांची वाट

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस डहाणू व तलासरी हे तालुके आहेत, तर दक्षिणेस वसई आहे. डहाणूपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर सुमारे २०० वर्षे पोर्तुगिजांचा अंमल होता. १७३७ साली मराठ्यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम आरंभिली. १७३९ च्या प्रारंभी माहीम, डहाणू, तारापूर ही ठाणी एकामागून एक पडली. तारापुरास तर तटावरच घनघोर रणकंदन झाले. मग चिमाजी अप्पांनी वसईस वेढा घातला.

वसईच्या कोटास तीन बाजूंनी पाणी, जमीन केवळ उत्तरेस. त्या बाजूने मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग उशिरा उडाले व त्यांत मराठ्यांचेच वीर दगडांखाली गाडले गेले. तथापि शेवटी तटास खिंडारे पडली. आतील सैन्याचा सेनापती पडला होता, दारूगोळा सरत आला होता. किल्ल्यावर पांढरे निशाण चढले.

आता या पराभूतांचे काय करावयाचे? हजारो माणसे गमावलेल्या विजेत्यास सूड घेणे अवघड नव्हते. परंतु जिवाची आशा नसलेला शत्रू अखेरपर्यंत लढतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे प्राण जातात. १६ मे १७३९ रोजी तह झाला. सैनिकांनी शस्त्रांसह, निशाणे फडकवीत व नगारे वाजवीत बाहेर पडावे; त्यासाठी आठ दिवसांची मुदत असावी; मागे राहणाऱ्यांस आपला धर्म पाळता यावा; दोन्हीकडील कैदी मुक्त व्हावेत, असे ठरले. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. दिलेले वचन मराठ्यांनी पाळले.

त्या सैनिकांनी पावसाळा मुंबईत काढला. पुढे चौलमार्गे ते गोव्याकडे निघाले. गोव्याच्या जवळ वाडीकर सावंतांच्या सैन्याने त्यांस गाठले आणि त्यांतील अनेकजण मारले गेले. वसईचा तह सावंतांनी केलेला नव्हता. वचन देणाऱ्याची सत्ता संपली, तेथे वचनाचे संरक्षणही संपले!

शरणागताचे प्राण असे एका सेनापतीच्या शब्दावर अवलंबून असू नयेत, म्हणून पुढे जगातील राष्ट्रांनी नियम केले. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यास माणुसकीने वागविणे, अन्न व औषध देणे आणि युद्ध संपताच स्वदेशी धाडणे बंधनकारक आहे. हे नियम अजूनही पुष्कळदा मोडले जातात. तरीही शस्त्र खाली ठेवणाऱ्यास अभय द्यावे, हे आता एका सेनापतीचे औदार्य नसून सर्व राष्ट्रांचे कर्तव्य ठरले आहे.